बोलके प्राणी, अबोल प्राणी : काही अलीकडील ॲनिमेशनपटांचा भाषिक विचार

दिनांक २ मार्च २०२५ रोजी झालेल्या सत्त्याण्णवाव्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे पारितोषिक 'फ्लो' ह्या लॅट्व्हियन चित्रपटास मिळाले. गिन्ट्स झिलबालोदिस ह्या तरुण दिग्दर्शकाची ही कृती २०२४ साली कान महोत्सवात प्रथम दाखविली गेली. तिच्यात आरंभापासून अखेरपर्यंत एकही शब्द उच्चारला जात नाही. पारितोषिकानंतर ह्या चित्रपटासंबंधी आपल्याकडील सुशिक्षित प्रेक्षकांत एक मत पुन:पुन्हा ऐकू येऊ लागले. त्याचा आशय असा : 'फ्लो'मध्ये भाषा नसल्यामुळे तो सर्वांना सारखाच कळतो, भाषा माणसामाणसांत भिंती उभारते आणि हा चित्रपट त्या भिंती पाडतो, मुलांसाठीही बडबड्या अमेरिकी चित्रपटांपेक्षा असे अबोल चित्रपट अधिक हितकारक आहेत.

ह्या मताचा पूर्वार्ध सद्भावनेने मांडलेला असला तरी भाषाभ्यासकाने तो तपासल्यावाचून स्वीकारणे योग्य होणार नाही. कारण हे मत केवळ एका चित्रपटाविषयी नसून भाषेविषयी आहे. भाषा हा अर्थाच्या वाटेतील अडसर आहे आणि तो दूर केला की अर्थ आपोआप प्रकट होतो, अशी एक धारणा त्याच्या मुळाशी आहे. ही धारणा आमच्या पदव्युत्तर वर्गातही अधूनमधून डोकावते. तेव्हा गेल्या दोन-तीन वर्षांतील चार चित्रपट समोर ठेवून तिची परीक्षा करावी, एवढाच ह्या टिपणाचा हेतू आहे. हे चार चित्रपट म्हणजे 'फ्लो', ख्रिस सँडर्स ह्यांचा 'द वाइल्ड रोबॉट' (२०२४), पाब्लो बर्गर ह्यांचा 'रोबॉट ड्रीम्स' (२०२३) आणि निक पार्क व मर्लिन क्रॉसिंगहॅम ह्यांचा 'वॉलेस अँड ग्रॉमिट : व्हेंजन्स मोस्ट फाउल' (२०२४). चोहोंतही प्राणी किंवा यंत्रे ही प्रमुख पात्रे आहेत. आणि कोणी बोलावे, कोणी बोलू नये, हा प्रश्न चोहोंनाही सोडवावा लागला आहे.

प्रथम संज्ञेविषयी थोडे. 'फ्लो'ला 'मूकपट' म्हणण्याची प्रथा पडू पाहत आहे. ती सोडून द्यावी हे बरे. आपल्या भाषेत 'मूकपट' आणि 'बोलपट' ही जोडी १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा'च्या सुमारास रूढ झाली आणि ती यंत्रविद्येतील भेद दाखविते, कथनातील नव्हे. मूकपटात ध्वनी नसे, पण शब्द असत : पात्रे ओठ हलवीत आणि त्यांचे बोलणे अक्षररूपाने पडद्यावर येई. 'फ्लो'ची स्थिती ह्याच्या नेमकी उलट आहे. तेथे ध्वनींची लयलूट आहे; म्यांव, भुंकणे, चीत्कार, पाण्याचा घोष, पंखांची फडफड ह्यांनी पट भरून गेला आहे. नाही तो फक्त शब्द. म्हणून अशा कृतीस 'शब्दविरहित' म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध होईल. हा काथ्याकूट नव्हे. मुका आणि शब्दविरहित ह्यांतील भेद लक्षात न घेतल्यामुळेच पुढील बराचसा गोंधळ माजतो.

आता प्राण्यांच्या बोलण्याकडे वळू. कथेत प्राणी बोलू लागला म्हणजे त्याच्या बोलण्याचे समर्थन कसे करायचे, ह्या प्रश्नाची आपल्या परंपरेत दोन उत्तरे ठळकपणे आढळतात. पहिले उत्तर संकेताचे. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे कोल्हे राजनीतीवर प्रवचने झोडतात, तेव्हा ते संस्कृत केव्हा शिकले असे कोणी विचारीत नाही. कथाकार व श्रोता ह्यांच्यात तसा करारच झालेला असतो. दुसरे उत्तर चमत्काराचे. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदविले, ही आख्यायिका मराठी मनात खोल रुजलेली आहे. तेथे रेड्याचे बोलणे हा गृहीत संकेत नाही. रेडा बोलू शकत नाही हे सर्वांना मान्य असल्यामुळेच त्या प्रसंगाला अर्थ आहे. संकेत बोलण्यातील नवल काढून घेतो, तर चमत्कार त्या नवलावरच उभा असतो.

'द वाइल्ड रोबॉट' ह्या चित्रपटाने तिसरे उत्तर शोधले आहे, आणि ते आहे विद्येचे. पीटर ब्राउन ह्यांच्या २०१६ सालच्या कादंबरीवर आधारलेल्या ह्या कथेत माणसांच्या सेवेसाठी घडविलेले रॉझ नावाचे यंत्र एका निर्मनुष्य बेटावर येऊन पडते. ते मनुष्यभाषेत प्रत्येक प्राण्याला आपली सेवा देऊ करते. प्राणी भिऊन पळतात किंवा त्याच्यावर तुटून पडतात. त्यांच्या तोंडून आपल्याला केवळ प्राण्यांचे आवाज ऐकू येतात. मग रॉझ एके ठिकाणी बसते आणि ऐकू लागते. दिवस जातात, भोवतालचे जंगल बदलते, ती केवळ ऐकते. हळूहळू त्या कोलाहलातून तुकडे सुटे होतात, तुकड्यांना अर्थ चिकटतो आणि एका क्षणी प्राण्यांचे आवाज आपल्या कानांना शब्द म्हणून ऐकू येऊ लागतात.

भाषावैज्ञानिकाच्या दृष्टीने अलीकडच्या लोकप्रिय चित्रपटांत ह्याहून अर्थपूर्ण प्रसंग क्वचितच सापडेल. अज्ञात भाषेच्या प्रदेशात जाऊन, दुभाष्यावाचून, केवळ श्रवणाने तिची संघटना उकलणे हे क्षेत्रीय भाषाभ्यासाचे मूळ कर्म आहे. शिवाय येथे प्रेक्षकाची जागा मोठ्या विचारपूर्वक ठरविलेली आहे. प्रारंभी आपणही रॉझइतकेच अडाणी असतो. ती शिकते तेव्हाच आपल्यालाही कळू लागते. म्हणजे प्राण्यांचे बोलणे हा ह्या कथेचा गृहीत संकेत नसून रॉझच्या कानाचा गुण आहे. प्राणी बदललेले नाहीत. ऐकणारा बदलला आहे.

परंतु ही उंची चित्रपटास टिकविता आलेली नाही. भाषा शिकून झाल्यानंतर कोल्हा, हंस, अस्वल, ससा ही सर्व मंडळी एकाच सुटसुटीत इंग्रजीत बोलतात. रॉझने शिकली ती एक भाषा की अनेक? कोल्ह्याची बोली हंसाला कळत होती की ती रॉझमुळेच कळू लागली? ज्या प्रश्नांना तो सुंदर प्रसंग जन्म देतो त्यांच्याकडे पुढचा चित्रपट वळूनही पाहत नाही. रॉझचे शब्द प्राण्यांच्या कानी कसे पडतात, हे पुन्हा कधीही ऐकविले जात नाही. विद्येने सुरू झालेली गोष्ट काही मिनिटांतच पंचतंत्राच्या जुन्या संकेतावर येऊन विसावते. रॉझच्या अपघाताने ज्याचे घरटे उद्ध्वस्त झाले त्या पिलाला ती वाढविते, ही कथेची हृदयद्रावक बाजू आहे. ते पिलू तिच्यापाशी बोलायला कसे शिकले, हा प्रश्न मातृभाषेच्या मर्मालाच हात घालणारा होता. आई यंत्र, मूल हंस. मग मुलाची 'मातृ'भाषा कोणती? हंसांच्या थव्यात तो उपरा ठरतो, त्याचे चालणे-वागणे यंत्रासारखे आहे म्हणून त्याची थट्टा होते. येथे भाषेचाही विचार करता आला असता. तो झाला नाही, ही ह्या गुणी चित्रपटातील खरी उणीव होय.

आता 'फ्लो'. कथा थोडक्यात अशी : माणसे नाहीशी झालेल्या जगात, मांजरांच्या मूर्तींनी भरलेल्या एका ओसाड घरी एक मांजर राहते. महापूर येतो. ते मांजर एका शिडाच्या होडीत आश्रय घेते. त्या होडीत एक कॅपिबारा आहे. पुढे वस्तूंचा साठा करणारा लेमूर, एक सोनेरी कुत्रा आणि आपल्याच थव्याशी झुंजून पंख मोडून घेतलेला एक उंच पक्षी हेही तिच्यात येतात. कोणी बोलत नाही. मांजर मांजरासारखेच दचकते, कुत्रा कुत्र्यासारखाच शेपूट हलवितो.

हे सर्व 'नैसर्गिक' आहे, म्हणूनच सर्वांना कळते, असे प्रतिपादन केले जाते. ह्या प्रतिपादनाला छेद देणारा एक तपशील चित्रपटाच्या निर्मितीतच आहे. मांजर, कुत्रा, लेमूर ह्यांच्यासाठी त्या-त्या प्राण्यांचे खरे आवाज वापरले गेले. परंतु कॅपिबाराचा खरा आवाज त्या पात्राच्या शांत, धिम्या स्वभावाला शोभेना. तेव्हा त्याच्या मुखी उंटाच्या पिलाचा आवाज घालण्यात आला. म्हणजे 'भाषांतराची गरज नसलेल्या' ह्या चित्रपटातही एका पात्राला दुसऱ्याचा आवाज द्यावा लागला. कारण आपल्याला हवा होता तो कॅपिबाराचा आवाज नव्हता. शांतपणा सुचविणारा आवाज हवा होता. ध्वनी येथे वस्तू राहिलेला नाही, चिन्ह झालेला आहे. आणि चिन्ह म्हटले की संकेत आलाच. कुत्र्याच्या भुंकण्याला मराठीत 'भूभू' म्हणतात आणि अन्य भाषांत भलतेच काही म्हणतात, ह्यावरून अनुकरणवाचक शब्दही अंशतः सांकेतिक असतात हे सोस्यूरने दाखवून दिलेच होते. 'फ्लो' त्याच्याही पुढे जाऊन सिद्ध करतो की शब्दच नव्हे, तर प्रत्यक्ष आवाजदेखील सांकेतिक होऊ शकतो.

दुसरा मुद्दा प्रेक्षकाचा. पडद्यावर भाषा नाही म्हणजे चित्रपटगृहातही भाषा नाही, असे होत नाही. प्रस्तुत लेखकाने हा चित्रपट आपल्या सहा वर्षांच्या भाचीसमवेत पाहिला. त्या अवधीत ती मुलगी क्षणभरही गप्प नव्हती. एरवी इंग्रजी ॲनिमेशनपट पाहताना ती निमूट बसते आणि मधूनच "काय म्हणाला तो?" असे विचारते. येथे विचारण्यासारखे काही नव्हतेच. सगळे सांगण्याचे काम तिच्याकडेच आले होते. "आता त्याला भीती वाटतेय." "मामा, तो कुत्रा सॉरी म्हणतोय." कॅपिबाराला नाव नव्हते आणि आपल्या भाषेत त्या प्राण्याला शब्दही नाही, तिने प्रथम पाहताच "केवढी मोठी घूस!" असा उद्गार काढला. कॅपिबारा हा कृंतक वर्गातील सर्वांत मोठा प्राणी असल्यामुळे तिचे वर्गीकरण शास्त्रालाही मान्य व्हावे. अर्ध्या तासाने त्याच घुशीचे 'घूसआजोबा' झाले. लिंग बदलले, नाते जुळले.

ह्याहूनही लक्षणीय गोष्ट मांजराच्या बाबतीत घडली. चित्रपट त्या मांजराचे लिंग सांगत नाही, आणि इंग्रजी बोलणाऱ्या प्रेक्षकाला ते सांगावेही लागत नाही. भूतकाळी क्रियापद त्याला त्याविषयी काहीच विचारीत नाही. मराठीत मात्र ही सुटका नाही. मांजर पळालं, बोका पळाला, भाटी पळाली : आपल्या क्रियापदाला कर्त्याचे लिंग ठाऊक असावेच लागते. आरंभी मुलीने सुरक्षित वाट धरली : "ते पळालं", "ते भिजलं". पुढे त्या मांजराने पाण्याची भीती जिंकून बुडी मारली, मासे धरले आणि इतरांपुढे टाकले; तेव्हा ती म्हणाली, "बघ, तिनं सगळ्यांसाठी आणले." त्यानंतर चित्रपट संपेपर्यंत ते मांजर 'ती'च राहिले. नपुंसकलिंगातून स्त्रीलिंगात झालेला हा प्रवास म्हणजे एका प्राण्याचे 'व्यक्ती' होणे होय. तो टप्पा दिग्दर्शकाने रेखाटला नव्हता. मराठी व्याकरणाने तो रेखाटायला लावला. एका मुलीच्या उद्गारांवरून सिद्धांत बांधता येत नाही हे मान्य. परंतु भाषेने घातलेली अट प्रत्येक मराठी प्रेक्षकाला लागू आहे, तो मोठ्याने बोलो वा मनात.

तेव्हा 'फ्लो'त भाषा नाही हे विधान अपुरे आहे. त्यात भाषेची जागा रिकामी ठेवलेली आहे आणि ती प्रत्येक प्रेक्षक आपापल्या भाषेने भरतो. चित्रपट सर्वांना कळतो हे खरे. पण सर्वांना सारखाच कळतो हे खरे नव्हे.

आता दोन्ही चित्रपटांतील एका समान प्रसंगाची तुलना करू. तो प्रसंग आहे तहाचा. 'द वाइल्ड रोबॉट'मध्ये भयंकर हिमवादळ येते तेव्हा रॉझ आणि फिंक हा कोल्हा बेटावरील प्राण्यांना आपल्या निवाऱ्यात आणतात. भक्ष्य आणि भक्षक एका छताखाली येताच रणधुमाळी माजते. मग बोलणे होते. येथे असेपर्यंत कोणी कोणाला मारायचे नाही असे ठरते. जे. एल. ऑस्टिनने १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत ज्यांना कृतिरूप उक्ती म्हटले त्यांतलीच ही एक. वचन देणे हे वस्तुस्थितीचे वर्णन नसून स्वतःच एक कृती आहे, आणि ती भाषेवाचून करता येत नाही. भविष्यकाळ आणि अट ह्या दोहोंशिवाय वचन नाही.

'फ्लो'च्या होडीतही तह आहे, पण तो कोणी केलेला नाही. कुत्रा मांजराच्या शेजारी झोपतो, कारण होडीत दुसरी जागा नाही; आज झोपला म्हणून उद्याही झोपतो. तेथे वचनाऐवजी सवय आहे. ह्याचा एक परिणाम शेवटाकडे दिसतो. पूर ओसरतो, होडी झाडाला अडकून दरीवर लोंबू लागते आणि कॅपिबारा तिच्यात अडकून राहतो. सगळे मिळून दोर ओढू लागतात. तेवढ्यात एक ससा दिसतो आणि कुत्र्यांचा कळप दोर टाकून त्याच्यामागे धावत सुटतो. चित्रपटगृहात हशा पिकतो. तो राग का नसतो? कारण त्या कुत्र्यांनी वचन दिलेलेच नव्हते. जेथे वचन नाही तेथे वचनभंगही नाही. विश्वासघात हा शब्द त्या जगाला लागूच पडत नाही. माणसाच्या नीतीचा केवढा भाग भाषेने घडविलेला आहे, हे भाषा काढून घेऊन ह्या चित्रपटाने दाखविले आहे. त्याचे मोठेपण येथे आहे. तो 'भाषेच्या पलीकडे' गेला ह्यात नव्हे.

फ्रेंच भाषावैज्ञानिक बेनव्हेनिस्त ह्याने १९५२ साली मधमाश्यांच्या नृत्याविषयी लिहिताना एक मार्मिक भेद केला होता. मधमाशीच्या संदेशाला दुसरी मधमाशी उत्तर देत नाही. ती उडून जाते. तेथे प्रतिसाद आहे, संवाद नाही. 'फ्लो'मधील प्राण्यांचे आवाज बहुतांशी ह्याच जातीचे आहेत, आणि दिग्दर्शकाने हा संयम बऱ्याच अंशी पाळला आहे.

बऱ्याच अंशी, सर्वस्वी नव्हे. ह्या चित्रपटाविषयीचा माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. तो पंखमोडका पक्षी होडीचे सुकाणू हाती घेतो आणि दूर क्षितिजावरच्या प्रचंड शिलास्तंभांच्या दिशेने होडी नेऊ लागतो. पुढे मांजरही सुकाणू वळविते. जे समोर नाही, अद्याप घडलेले नाही, त्याच्याविषयी हेतू धरून वागण्याची ही शक्ती आहे. चार्ल्स हॉकेटने १९६० साली मानवी भाषेची जी लक्षणे सांगितली त्यांत स्थलकालविस्थापन, म्हणजे येथे व आता नसलेल्या गोष्टीविषयी बोलता येणे, हे एक प्रमुख लक्षण होते. ह्या प्राण्यांकडे भाषा नाही, पण भाषेमुळे येणारी योजनाशक्ती मात्र आहे. ते स्तंभांकडे का चालले आहेत, हे विचारायचे कोणी आणि कोणाला? शब्द असते तर कथाकाराला कारण द्यावे लागले असते. शब्द नसल्यामुळे ते द्यावयाचे टळले. मौनात गूढ असते तसेच मौनात लपणेही असते. पक्ष्याचे आकाशात विलीन होणे ज्यांना अथांग वाटते त्यांच्या अनुभवाचा मी अनादर करीत नाही. पण तेथे अर्थ दाटला आहे की केवळ स्पष्टीकरण टाळले आहे, हे ठरविण्याचे साधन चित्रपटाने आपल्या हाती दिलेले नाही.

ह्या संदर्भात 'रोबॉट ड्रीम्स' पाहण्यासारखा आहे. सारा व्हॅरॉन ह्यांच्या २००७ सालच्या चित्रकथेवरून पाब्लो बर्गर ह्यांनी तो केला. १९८०च्या दशकातील न्यूयॉर्कमध्ये एकटा राहणारा एक कुत्रा जाहिरात पाहून एक यंत्रमित्र मागवितो. दोघांचे मैत्र जमते. समुद्रस्नानाने यंत्र गंजून वाळूतच अडकते आणि पुळण हंगामापुरती बंद होते. ह्यातही संवाद नाही. परंतु हे शहर अक्षरांनी खच्चून भरलेले आहे : दुकानांच्या पाट्या, जाहिराती, खोक्यांवरील सूचना. कुत्र्याची आणि यंत्राची ताटातूट होते तीच मुळी पुळण बंद असल्याच्या एका पाटीमुळे. दोघांचे नाते जोडून ठेवते तेही 'अर्थ, विंड अँड फायर' ह्या वाद्यवृंदाचे १९७८ सालचे 'सप्टेंबर' हे गाणे. त्याला शब्द आहेत, आणि ते आठवणीचे आहेत. म्हणजे ह्या शब्दविरहित चित्रपटातील दोन निर्णायक गोष्टी, विरह आणि स्मरण, एक लिखित भाषेवर व एक गायिलेल्या भाषेवर विसंबून आहेत. बर्गर ह्यांनी हे लपविलेले नाही. मला तर ते प्रामाणिकपणाचे वाटते. त्यांची पात्रे बोलत नाहीत, पण ती भाषेच्याच जगात राहतात. शेवटी दोघे मित्र वेगवेगळ्या सोबत्यांबरोबर, एकमेकांपासून दूर, त्याच गाण्यावर नाचतात. तेथे एक शब्द जरी उच्चारला गेला असता तरी तो निरोपाचा किंवा परतीचा ठरला असता. मौनाने दोन्ही शक्यता राखल्या. येथे मौन लपत नाही. ते नेमके काम करते.

उरला 'वॉलेस अँड ग्रॉमिट'. १९८९ सालच्या 'अ ग्रँड डे आउट' ह्या पहिल्या लघुपटापासून ग्रॉमिट हा कुत्रा अबोल आहे. त्याला तोंडच नाही. प्रारंभी त्याला आवाज देण्याचा निक पार्क ह्यांचा विचार होता. पण नुसते कपाळ वरखाली करून हवे ते सांगता येते असे मातीचे पुतळे हलविताना त्यांच्या ध्यानात आले आणि आवाज गळाला. मात्र ग्रॉमिट भाषाहीन मुळीच नाही. तो वर्तमानपत्र वाचतो, पुस्तके वाचतो, धन्याचा प्रत्येक शब्द जाणतो. सोस्यूरच्या परिभाषेत बोलायचे तर त्याच्यापाशी भाषाव्यवस्था पूर्णपणे आहे, भाषण तेवढे नाही. नव्या चित्रपटात त्याच्यासमोर वॉलेसने बनविलेला नॉरबॉट हा यांत्रिक बुटका उभा केला आहे. नॉरबॉट अखंड आणि उत्साहाने बोलतो, आणि बोलतो त्याचा अर्थ त्याला कळतो असे कोठेही दिसत नाही. म्हणूनच फेदर्स मॅकग्रॉ हा खलनायक पेंग्विन, जो स्वतःही एक अक्षर बोलत नाही, त्याला सहज फिरवू शकतो. समजूत असलेला मुका आणि समजूत नसलेला वाचाळ, अशी ही योजना आहे. आणि भोळा वॉलेस दुसऱ्यालाच भुलतो. शब्द जुळविणारी यंत्रे घरोघरी आलेल्या आजच्या काळात हा विनोद केवळ मुलांपुरता राहत नाही. चारही चित्रपटांत बोलणे आणि समजणे ह्यांतील भेद सर्वांत स्वच्छपणे ह्याच विनोदी चित्रपटाने मांडला आहे, हे नमूद करणे भाग आहे. गंभीर चेहऱ्याच्या कृतींनाच विचार असतो हा आमच्या समीक्षेचा एक जुना भ्रम आहे.

ह्या सर्व विवेचनावरून आरंभी उल्लेखिलेल्या मताचे काय होते? त्याचा पूर्वार्ध टिकत नाही. भाषा काढून घेतल्याने अर्थ शुद्ध होत नाही. अर्थ लावण्याची जबाबदारी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते. 'फ्लो'मध्ये ती प्रेक्षकाकडे येते, 'रोबॉट ड्रीम्स'मध्ये पाटीकडे आणि गाण्याकडे, ग्रॉमिटच्या बाबतीत त्याच्या कपाळाकडे. 'द वाइल्ड रोबॉट'ने ती ऐकणाऱ्याच्या कानावर टाकून मोठी शक्यता निर्माण केली आणि लगेच सोडून दिली.

मताचा उत्तरार्ध, म्हणजे मुलांच्या हिताचा भाग, मला मान्य आहे; पण अगदी उलट कारणासाठी. मराठी मुलाला असे चित्रपट बहुधा इंग्रजीतून किंवा हिंदी भाषांतरातून भेटतात. नवलाच्या, भीतीच्या, कनवाळूपणाच्या त्याच्या पहिल्या मोठ्या अनुभवांची भाषा त्याची स्वतःची नसते; तो ऐकणारा असतो, बोलणारा नसतो. 'फ्लो'सारख्या चित्रपटात प्रथमच बोलण्याची पाळी त्याच्यावर येते, आणि तेव्हा तो आपल्या भाषेत बोलतो. तेथे घुशीचे आजोबा होतात आणि 'ते' मांजर 'ती' होते. भाषेपासून सुटका म्हणून नव्हे, तर स्वभाषेला मिळालेली मोकळी जागा म्हणून असे चित्रपट मुलांना दाखवावेत.

मात्र एक पथ्य पाळावे. ते पाहताना मुलांना "गप्प बस" म्हणू नये.